इंग्रजांच्या प्रचाराने भारतीयांची मने जिंकली होती का? एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

ऑगस्ट महिना जवळ आला की एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने रेडिओ आणि सिनेमा यांच्या जोरावर भारतीयांची मने ताब्यात घेतली, त्या प्रचाराला भुलून पंचवीस लाख तरुण सैन्यात गेले, वृत्तपत्रे सरकारला विकली गेली, 'चले जाव'चा लढा प्रचारानेच मोडला आणि 15 ऑगस्ट 1947 रोजी ही सारी यंत्रणा इंग्रजांबरोबर निघून गेली. मजकूर लिहिणाऱ्याला साम्राज्याची निंदा करायची असावी. परंतु त्याने साम्राज्याच्या प्रसिद्धिखात्याला जे यश बहाल केले आहे, त्यावर त्या खात्यात काम केलेल्यांचाही विश्वास बसला नसता. म्हणून यातील एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम रेडिओ. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात रेडिओसंच होते सुमारे पावणेतीन लाख, आणि ऑल इंडिया रेडिओची भारताच्या वाट्याला आलेली केंद्रे होती सहा, म्हणजे दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. लोकसंख्या तीस कोटींहून अधिक होती. हजाराहून अधिक माणसांमागे एक संच, तोही प्रामुख्याने शहरातल्या सुखवस्तू घरात, अशा साधनाने खेड्यापाड्यातल्या जनतेची मने ताब्यात घेतली असे म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय ज्याच्याकडे चांगला संच होता त्याला दिल्लीबरोबर बर्लिनही ऐकू येत होते, आणि फेब्रुवारी 1942 पासून तेथून सुभाषचंद्र बोस स्वतः बोलत होते. लंडनहून बीबीसी हिंदुस्थानासाठी कार्यक्रम करत होती. त्या विभागात कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या आणि इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलही होते. सप्टेंबर 1943 मध्ये ऑर्वेल यांनी राजीनामा दिला तेव्हा त्याचे कारण स्पष्ट लिहिले. आपण ज्या कामातून काहीच निष्पन्न होत नाही त्यावर स्वतःचा वेळ आणि जनतेचा पैसा वाया घालवत आहोत, आणि सध्याच्या राजकीय परिस्थितीत हिंदुस्थानात ब्रिटिश प्रचार पोहोचवणे जवळजवळ व्यर्थ आहे, असा त्याचा भावार्थ होता. प्रचार करणाराच असे लिहून जातो, यापेक्षा वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

सिनेमाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण त्याला गर्दी होती. सरकारने 1940 मध्ये मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले, चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष झाले आणि व्ही. शांताराम यांनीही काही काळ तेथील निर्मितीची जबाबदारी सांभाळली. 1943 पासून इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि 'इंडियन न्यूज परेड' हा वार्तापट आला. मात्र त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांत भर घालून प्रत्येक चित्रपटगृहावर ठरावीक लांबीचे सरकारमान्य लघुपट दाखवण्याची सक्ती करण्यात आली, आणि त्यांचे भाडेही चित्रपटगृहाच्या मालकांनीच भरायचे होते. लोक आपणहून पाहत असते तर कायद्याचा बडगा उगारावा लागला नसता.

सैन्यभरतीचा आकडा बरोबर आहे. 1939 मध्ये सुमारे दोन लाखांचे असलेले भारतीय सैन्य 1945 पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेले, आणि येथे सक्तीची भरती नव्हती. चूक आहे ती कारणमीमांसेत. युद्धाने महागाई भडकवली होती. अशा काळात नियमित पगार, दोन वेळचे जेवण, घरी जाणारी रक्कम आणि काही घराण्यांतली फौजेची परंपरा ही कारणे भरतीची जाहिरात करणाऱ्या भिंतीवरच्या रंगीत चित्रापेक्षा कितीतरी वजनदार होती. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. ज्या समाजाला इंग्रजांनीच लढाऊ जातींच्या सिद्धांताखाली, म्हणजे काही जातीच जन्मतः लढवय्या असतात या समजुतीवरून, सैन्याबाहेर काढले होते, तो समाज डॉ. आंबेडकरांच्या आग्रही मागणीनंतर पुन्हा आत शिरत होता. त्याला प्रचाराला भुललेला म्हणणे हा त्याच्या राजकीय शहाणपणाचा अपमान आहे. जेथे भरतीच्या वेळी खरोखरच मोठमोठी आश्वासने दिली गेली, तेथे ती अंगाशी आली. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर उठाव झाला, तेव्हा निकृष्ट अन्न, अपुरा पगार आणि उद्दाम वागणूक यांच्याबरोबरच भरतीच्या वेळची न पाळलेली वचने हीही एक तक्रार होती.

वृत्तपत्रांवरचा आरोप सर्वस्वी निराधार नाही. कागदाचा कोटा सरकारच्या हाती होता, युद्धाच्या जाहिरातींचा पैसा येत होता, आणि 1940 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषदेने सरकारशी समझोता करून काही मर्यादा आपणहून पाळल्या. तथापि याच परिषदेने चिमूर प्रकरणात काय केले, हे मजकूर लिहिणाऱ्यास माहीत नसावे. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे 16 ऑगस्ट 1942 रोजी उठाव झाला, त्यात सरकारी अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर गावात शिरलेल्या पोलिसांनी व सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. सरकारने चौकशी नाकारली. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी यांनी तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असलेल्या बापूजी अण्यांकडे दिल्लीला जाऊन दाद मागितली, आणि पदरी काही न पडल्याने उपोषण आरंभले. ते साठ दिवसांहून अधिक चालले. सरकारचा प्रतिसाद असा, की उपोषणाची आणि चिमूरची बातमीच छापू नये! यावर संपादक परिषदेने ठरवले, की नववर्षाच्या किताबांची यादी, राजभवनांची परिपत्रके आणि सरकारी सदस्यांची भाषणे छापायची नाहीत; आणि 6 जानेवारी 1943 रोजी वृत्तपत्रांनी हरताळ पाळला. आठवडाभरात बंदी मागे घेण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंगालच्या दुष्काळाची छायाचित्रे छापली ती इंग्रजी मालकीच्या 'स्टेट्समन'ने. त्याचे संपादक इयन स्टीफन्स काही वर्षांपूर्वी भारत सरकारच्याच प्रसिद्धिखात्याचे प्रमुख होते. कोणती बातमी कोणत्या युक्तीने दडपली जाते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आता 'चले जाव'चा लढा. 17 जुलै 1942 रोजी सरकारच्या माहिती खात्याचे प्रमुख सर फ्रेडरिक पकल यांनी प्रांतिक सरकारांना एक गुप्त परिपत्रक धाडले. इंग्रजांनी भारत सोडावा या काँग्रेसच्या ठरावाविरुद्ध लोकमत कसे तयार करावे याचे धडे त्यात होते. हिटलर, मुसोलिनी आणि जपानचे पंतप्रधान तोजो ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून 'काँग्रेसच्या ठरावाला माझे मत' असे म्हणत आहेत, अशी व्यंगचित्रे काढावीत, ही त्यातली एक सूचना. परिपत्रक फुटले, गांधीजींच्या हाती पडले आणि त्यांनी ते मुंबईतील अधिवेशनाच्या सुमारास जाहीर करून टाकले. प्रचाराची अशी फजिती झाल्यावर लढा थोपवला तो अटकसत्राने, लाठीने, सैन्याने आणि सामूहिक दंडाने. वर्षअखेरपर्यंत साठ हजारांवर लोक पकडले गेले. 31 ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिल यांना तारेने कळवले, की 1857 नंतरच्या सर्वांत गंभीर बंडाला आपण तोंड देत आहोत आणि त्याची व्याप्ती आजवर लष्करी सुरक्षेसाठी जगापासून लपवून ठेवली आहे. लपवून ठेवली आहे, हे व्हाइसरॉयच म्हणत आहे. सरकारी प्रसिद्धीचे खरे बळ येथे दिसते. लोकांना पटवणे तिला साधले नाही, पण एका जिल्ह्यात घडलेले दुसऱ्या जिल्ह्याला कळू न देणे बऱ्याच अंशी साधले. ही कोंडी फोडण्यासाठीच उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. तो ऑगस्टअखेरपासून 12 नोव्हेंबरला पोलिसांच्या हाती लागेपर्यंत चालला, आणि चिमूरची हकिकत त्यावरूनही सांगितली गेली.

फेब्रुवारी 1943 मध्ये, गांधीजी पुण्यात आगाखान राजवाड्यात कैदेत असताना आणि त्यांचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू असताना, सरकारने दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर टाकणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. आरोपी बंदिवासात, त्याच्या उत्तराला प्रसिद्धी नाही, आणि सरकारची बाजू मात्र देशोदेशी पाठवली गेली. एवढे करूनही काय मिळाले? काँग्रेसचे पुढारी सुटल्यानंतर 1945-46 च्या निवडणुका झाल्या, आणि सर्वसाधारण मतदारसंघांत काँग्रेसने दणदणीत विजय मिळवला. मताधिकार मर्यादित होता हे खरे, पण सरकारी पुस्तिका वाचू शकणारा वर्गच त्या मर्यादेच्या आत होता.

लाल किल्ल्यावरचा खटला तर या साऱ्यावर कडी करणारा आहे. युद्ध चालू असताना आझाद हिंद सेनेची बातमी सेन्सॉरने जवळजवळ पूर्णपणे रोखून धरली होती. नोव्हेंबर 1945 मध्ये त्या सेनेचे अधिकारी शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर मुद्दाम जाहीर खटला चालवण्यात आला, तो त्यांच्याविरुद्धचा पुरावा ऐकून देशाचे डोळे उघडतील या अपेक्षेने. घडले उलटेच. तीन वर्षे दाबून ठेवलेली कथा एकाच वेळी, रोजच्या रोज, साक्षीपुराव्यासह लोकांसमोर आली. एक हिंदू, एक मुसलमान आणि एक शीख असे तीन आरोपी देशाचे नायक ठरले. आणि 3 जानेवारी 1946 रोजी सरसेनापती ऑकिनलेक यांना जन्मठेपेची शिक्षा माफ करावी लागली. खटल्याला जागा निवडली होती तीही लाल किल्ल्याची, जेथे शेवटचा बादशहा बहादूरशहा याच्यावर खटला चालला होता. प्रसिद्धीच्या दृष्टीने याहून अनर्थकारक निवड कोणा विरोधकालाही सुचली नसती.

राहिले यंत्रणा इंग्रजांबरोबर गेल्याचे विधान. 2 सप्टेंबर 1946 रोजी हंगामी सरकार आले तेव्हा माहिती व नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे आले, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी सुमारे अकरा महिने ते भारतीय मंत्र्याच्या ताब्यात होते. रेडिओची केंद्रे तीच राहिली, आणि ती चालवणारी माणसेही बव्हंशी तीच. चित्रपट विभागाचे, म्हणजे इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियाचे, तेवढे वेगळे झाले. मध्यवर्ती विधिमंडळातील लोकप्रतिनिधींनी 1946 मध्ये त्याच्या खर्चास नकार दिला आणि तो बंद पडला. परिणामी 14 ऑगस्टच्या मध्यरात्रीचा सोहळा टिपण्यासाठी सरकारजवळ स्वतःचे चित्रपट पथक नव्हते आणि ते काम खासगी छायाचित्रकारांवर पडले. पुढच्याच वर्षी मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले, आणि चित्रपटगृहांवरची ती जुनी सक्ती, आता स्वतंत्र सरकारच्या नावाने, पुन्हा लागू झाली.