शेवटी ‘एस’ दिसला की अनेकवचन? पाच नियमांच्या संदेशाचा प्रतिवाद

इंग्रजीची परीक्षा जवळ आली की एक संदेश हमखास फिरू लागतो. पाच नियम पाठ करा, म्हणजे ‘इज’ आणि ‘आर’ यांत जन्मात चूक होणार नाही, असे त्यात आश्वासन असते. ते नियम थोडक्यात असे: शेवटी ‘एस’ असलेले नाम अनेकवचनी आणि नसलेले एकवचनी, ‘टीम’, ‘कमिटी’, ‘पोलिस’ अशा समूहवाचक नामांना नेहमी एकवचनी क्रियापद, ‘डेटा’, ‘अजेंडा’ हे लॅटिन शब्द मुळात अनेकवचनी, म्हणून त्यांना ‘आर’, ‘नन’ म्हणजे ‘नॉट वन’, म्हणून त्याला ‘इज’, आणि ‘न्यूज’ हा चार दिशांच्या आद्याक्षरांचा संक्षेप असल्यामुळे तेवढा अपवाद. यांपैकी एकही नियम जसाच्या तसा टिकत नाही आणि शेवटचा तर नियमही नव्हे, निव्वळ दंतकथा आहे.

पहिला नियम सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक आहे. ‘मॅथेमॅटिक्स’, ‘फिजिक्स’, ‘बिलियर्ड्स’, गोवर या अर्थाचा ‘मीझल्स’, या सर्वांच्या शेवटी ‘एस’ असूनही क्रियापद एकवचनी येते. उलट ‘पीपल’ आणि ‘कॅटल’ यांना ‘एस’ नसूनही ‘आर’ लागते. कात्री घ्या. मराठीत ती एकच वस्तू आणि स्त्रीलिंगी एकवचन. इंग्रजीने मात्र तिची दोन पाती मोजली, म्हणून टेबलावर एकच कात्री पडलेली असली तरी ‘द सीझर्स आर ऑन द टेबल’ असेच म्हणावे लागते आणि ‘अ पेअर ऑफ सीझर्स’ म्हटले की लगेच ‘इज’ परत येते. यात इंग्रजीचा विक्षिप्तपणा पाहणाऱ्यांनी आपल्या स्वयंपाकघरात डोकावावे: शिरा झाला, उपमा झाला, पण पोहे झाले. बशीत एकच पदार्थ आहे म्हणून ‘पोहा झाला’ असे कोणी म्हणत नाही.

वचन अक्षरावर ठरत नाही, ती गोष्ट एक मानली जाते की अनेक, यावर ठरते, याचा उत्तम पुरावा अमेरिकेच्या नावातच आहे. राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या करणाऱ्या कलमात ‘युनायटेड स्टेट्स’साठी ‘देम’ हे सर्वनाम येते आणि गुलामगिरी रद्द करणाऱ्या 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीतही ‘देअर’ असेच आहे, म्हणजे ती राज्ये अनेक आहेत हे गृहीत धरलेले आहे. आज त्याच नावापुढे ‘इज’ येते. यादवी युद्ध संपले आणि व्याकरण बदलले, अशी एक आकर्षक गोष्टही सांगितली जाते, पण तीही जरा अतिच सोपी आहे, कारण एकोणिसाव्या शतकात दोन्ही रूपे बराच काळ शेजारी शेजारी नांदत होती. शेवटचा ‘एस’ मात्र या सगळ्या काळात जागचा हलला नाही.

दुसऱ्या नियमात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्या आहेत. ‘टीम’, ‘कमिटी’, ‘गव्हर्न्मेंट’ या शब्दांना अमेरिकेत बहुधा एकवचनी क्रियापद लावतात, तर ब्रिटनमध्ये संस्था एकसंध म्हणून डोळ्यांपुढे असेल तर एकवचनी आणि तिच्यातील माणसे डोळ्यांपुढे असतील तर अनेकवचनी, अशी दोन्ही रूपे शिष्टसंमत आहेत. आपण ती दोन्ही रोज ऐकतो. क्रिकेटच्या समालोचनात ‘इंडिया आर वन एटी फॉर थ्री’ असे कानावर पडते, तेव्हा मैदानावरचे खेळाडू अभिप्रेत असतात. भूगोलाच्या पुस्तकात ‘इंडिया इज’ असते, तेव्हा देश. ‘पोलिस’ या शब्दाला मात्र ही मुभा नाही. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर ‘द पोलिस हॅव अरेस्टेड’ असेच लिहितात, ‘हॅज’ नव्हे. ‘हॅज’ची चूक आपल्याकडे इतकी का रुजली, याचे कारण माझ्या मते मराठीत आहे. ‘एक पोलिस आला’ हे आपल्याला सहज म्हणता येते. इंग्रजीत ‘अ पोलिस’ म्हणता येत नाही, तेथे ‘पोलिसमन’ किंवा ‘पोलिस ऑफिसर’ म्हणावे लागते.

तिसऱ्या नियमामागे विद्वत्तेचा आव आहे, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवे. ‘डेटा’ हे ‘डेटम’चे अनेकवचन आहे, हे खरेच आहे, आणि शास्त्रीय लेखनात अनेक जण आजही ‘डेटा आर’ लिहितात. त्यांना चूक म्हणण्याचे कारण नाही. परंतु संगणकाच्या व्यवहारात आणि वृत्तपत्रांत ‘डेटा इज’ पक्के रुजले आहे, तेव्हा तेही चूक नव्हे. लॅटिन मूळ हाच निकष लावायचा, तर ‘अजेंडा’ आणि ‘स्टॅमिना’ हेही मुळात अनेकवचनी शब्द आहेत, पण ‘माय स्टॅमिना आर लो’ असे लिहिणारा विद्यार्थी नापासच होईल. संदेशात आणखी एक सावधगिरी सांगितली आहे, ती मात्र योग्य आहे: ‘क्रायटेरिया’ आणि ‘फिनॉमिना’ ही औपचारिक लेखनात अनेकवचनेच आहेत, एकासाठी ‘क्रायटेरियन’ आणि ‘फिनॉमिनन’ लिहावे. फक्त ते शब्द ग्रीक आहेत, लॅटिन नाहीत.

‘नन’बद्दल हीच चूक पुन्हा झाली आहे. त्याची व्युत्पत्ती ‘एकही नाही’ अशीच आहे, पण ‘नन ऑफ द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट’ हे रूप चांगले लेखक कित्येक शतके वापरत आले आहेत, ‘वॉज’ही चालते. जेथे खरोखर पर्याय नाही, ती जोडी या संदेशात आलीच नाही: ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ला ‘आर’, ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ला ‘इज’. पहिल्यात मुले मोजायची असतात, दुसऱ्यात नुसता आकडा सांगायचा असतो.

राहता राहिला ‘न्यूज’. ‘नवा’ या अर्थाच्या ‘न्यू’ला अनेकवचनाचा प्रत्यय लागून हा शब्द झाला, म्हणजे मूळ अर्थ ‘नव्या गोष्टी’. तो पूर्वी अनेकवचनीही चालत असे. शेक्सपियरच्या नाटकात ‘धीज न्यूज’ आढळते. पुढे बातमी हा एक ऐवज मानला गेला आणि ‘इज’ स्थिरावले. उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण ही जुळणी कोणाला तरी मागाहून सुचली. जुन्या इंग्रजी पुस्तकांत या शब्दाच्या ‘डब्ल्यू’नंतर आणखी एक ‘ई’ लिहिलेला सापडतो. संक्षेपाचा दावा मानायचा, तर तेव्हाच्या बातम्यांसाठी पूर्व दिशा दोनदा मोजावी लागेल.