औट घटकेचे गुरुजी

नाना आले होते निर्गम उतारा, म्हणजे शाळा सोडल्याच्या नोंदीची नक्कल, न्यायला. नातवाच्या जातीच्या दाखल्याला लागतो. तो जुन्या जनरल रजिस्टरवरून लिहून द्यायचा, ते रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि मुख्याध्यापक केंद्रावर मीटिंगला. आमची शाळा द्विशिक्षकी, त्यामुळे सर मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्या पदरात. "बसतो की मग जरा," म्हणत नानांनी माझी खुर्ची ओढून घेतली.

तिसरीची हातच्याची वजाबाकी चालली होती. बावन्न वजा सत्तावीस. पोरांच्या पुढ्यात रबर लावलेले काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या. त्या दोनांतली एक कुणाच्या तरी तोंडात होती, ती काढून, पुसून परत मांडली. सत्तावीस काड्या मला द्यायच्या होत्या. एका पोरीने दोन गठ्ठे दिले, सुट्ट्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, सुट्ट्या दोनच हायेत. सात कुठनं देऊ?"

या एका प्रश्नासाठी मी सकाळपासून दबा धरून बसले होते. तो आला की मास्तरणीने तोंडाला कुलूप लावायचं असतं. पोरगी गठ्ठ्याकडे बघते, रबराशी चाळा करते, आणि एकदम रबर ओढून दहा काड्या मोकळ्या करते. हातचा म्हणजे काय हे तिला त्या क्षणी कळतं, मी सांगून नव्हे. तिचं बोट रबरात गेलेलं होतं. मी गप्प होते.

"पंचवीस!" नाना ओरडले.

पोरीने बोट काढून घेतलं.

"एवढ्याला काड्या कशाला वो मॅडम? मला वाटलं आज खिचडी चुलीवर हाय."

वर्ग खिदळला. मीही हसले, कारण नाना शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचे चुलते आहेत आणि स्वच्छतागृहाच्या दाराचा ठराव अजून पास व्हायचाय.

"आमच्या टायमाला काड्या नव्हत्या. छडी होती," नाना म्हणाले. "पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. सगळं तोंडपाठ. सांगा मॅडम, सात औटं?"

औट म्हणजे साडेतीन, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे मला माहीत होतं. तिसरीच्या पोरांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांना दिसावं यासाठी मी फळ्याकडे वळून साडेतीन लिहायला घेतलं.

"खडू लागतोय!" नानांनी मांडीवर थाप मारली. "मॅडमना खडू लागतोय रं! साडेचोवीस!"

आता ही औटकी काही आकाशातून पडली नव्हती. रुपयाचे सोळा आणे, पायलीचे चार शेर, सगळा व्यवहार पाव-अर्ध्या-पाऊण हिश्शांचा. बाजारात उभं राहून हिशेब करणाऱ्याला तिची गरज होती. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, मग किलो-लिटर आले आणि औटकीचं पोट भरणारा बाजार हळूहळू उठला. नानांचं वय सत्तरच्या घरात. म्हणजे ते पहिलीत बसले तेव्हा आणे जाऊन चार-पाच वर्षं झालेली. त्यांच्या गुरुजींनी निव्वळ सवयीने पाठ करून घेतलेली गोष्ट नाना माझ्यावर आणखी साठेक वर्षांनी वसूल करत होते. पण हे सगळं खडू हातात असताना सुचत नाही, रात्री भांडी घासताना सुचतं.

तेव्हा सुचलं ते एवढंच, की नानांना त्यांच्याच मैदानात गाठावं.

"बरं नाना, दोनातून सात जात नाहीत. मग काय करायचं?"

"हातचा घ्यायचा."

"कुठून?"

"कुठनं म्हणजे? शेजारनं."

"शेजारी एक देतो. तो इकडे येऊन दहा कसा होतो?"

नानांनी टोपी मागे सारली. मला वाटलं, सापडले.

"मॅडम, शेजाऱ्याकडनं आणलं की धा पट करून सांगायची रीतच हाय गावात."

पोरं पोट धरून हसली. काड्यांचा पत्ता नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एकाने, जो एरवी वर्षभर तोंड उघडत नाही, हात वर केला. "पर नाना, उसना घेतल्याला परत कधी द्यायचा?"

हा प्रश्न खरा आहे. इतका खरा, की मी त्यावर एक अख्खा तास घेतला असता.

"सोसायटीचं कर्ज कुणी परत केलंय का?" नाना म्हणाले. "थांबायचं. माफी हुती."

औट घटका म्हणजे साडेतीन घटका, चोवीस मिनिटांची एक, एकूण चौऱ्याऐंशी मिनिटं. हे मी खडूशिवाय काढलं. नाना त्याहून जास्त बसले. मधल्या सुट्टीत भात खाऊन गेले.

त्या भाताचं गणित कुणी मला विचारत नाही. पोरामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल. हजेरी तेवीस तर तांदूळ २ किलो ३००, डाळ ४६०. ते रोज तोंडी काढायचं, रजिस्टरला लिहायचं, रेंज मिळाली तर मोबाईलवर भरायचं. नाना चोविसावे, ते कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

एकट्या नानांनाच का बोलायचं म्हणा. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा उभ्या महाराष्ट्राला एका रात्रीत गणित शिकवता यायला लागलं. विधानसभेत कोट्या झाल्या, बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मंगला नारळीकरांना खुलासे करत बसावं लागलं. त्रेपन्न ऐकून पोर ३५ लिहितं, कारण तोंडात तीन आधी येतात, हे विचारायला एकही जण दुसरीच्या वर्गात डोकावला नाही. दवाखान्यात कुणी डॉक्टरच्या हातातली सुई काढून घेत नाही. प्राथमिकचं गणित मात्र ज्याला ज्याला बेरीज येते त्याच्या बापाचं. आणि वर्षाअखेरी पोरांना वजाबाकी का येत नाही याचा जाब मलाच, तोही ऑनलाइन.

दुसऱ्या दिवशी मी तीच वजाबाकी फळ्यावर घातली. उत्तरं बरोबर आली. मागच्या बाकावरच्याने पाचावर काट मारून चार केले नव्हते, तरी खाली पंचवीसच लिहिले होते.

"पाचातला एक दिलास ना? मग तिथे चार का नाहीत?"

"माफ झाला, बाई."

सरांना हा सगळा प्रकार फार आवडला. दप्तराविना शनिवारी नानांनी पाढे घ्यावेत असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. 'लोकसहभाग' या शीर्षकाखाली त्याचा फोटो वर पाठवायचाय. काड्यांचे गठ्ठे फोटोत बरे दिसतील, ते नानांच्या पुढ्यात मांडा, असं मला सांगितलंय.

उतारा अजून दिलेला नाही. किल्ली आता माझ्याकडे आहे.