मुद्दल निघालं की बाहेर

आमच्या कंपनीचा शेअर सावरतोय अशी बातमी आली, तेव्हा मी दाढी करत होतो. फोन चार्टवाल्यांचा, म्हणजे शेअरचे आलेख बघणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांचा होता. "तळापासून पन्नास टक्के वर!" एवढंच ओरडून त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी धावत जाऊन बायकोला सांगितलं.

"म्हणजे आपले पैसे परत आले?" तिने विचारलं.

इतके थेट प्रश्न विचारणाऱ्या माणसाने शेअरबाजाराच्या भानगडीत पडू नये. मी उरलेली दाढी करायला परत गेलो.

आमची कंपनी म्हणजे सुपरमार्केटची एक साखळी. तिचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. कोणत्या भावाला घेतले, हे मी सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. तेव्हा सोयीसाठी तो भाव १०० धरा. त्या १००चे दीड वर्षात ४० झाले. मग हळूहळू सरकत तो ६०वर आला. चार्टवाल्यांचे पन्नास टक्के ते हेच. हिशेब अगदी बरोबर आहे, फक्त माझे पहिले शेअर अजून चाळीस टक्के खड्ड्यात आहेत. १००चे ४० व्हायला साठ टक्के पडावं लागतं आणि त्याच ४०चे पुन्हा १०० व्हायला दीडशे टक्के चढावं लागतं. शेकडेवारी शिकवताना गुरुजींनी हा भाग फारच घाईत उरकला होता.

त्यातून मी मधल्या काळात अ‍ॅव्हरेज केलं होतं. म्हणजे शेअर ७०वर आला तेव्हा पहिल्याइतकेच आणखी घेतले, ५०वर आला तेव्हा पुन्हा तेवढेच. खड्ड्यात पडलेल्या माणसाने तो खड्डा रुंद करून घेतला तर वर येताना चढ सौम्य लागतो, असा त्यामागचा विचार. १००, ७०, ५०, भागिले तीन. ७३.३३. हा आकडा मला आता स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा चांगला पाठ आहे. तो दिसला की बाहेर पडायचं. नफा नको, लाभांश नको, व्याज तर नकोच नको. मुद्दल निघालं की बाहेर.

रोज सकाळी फिरायला म्हणून निघून आम्ही चौघे एका बाकावर बसतो. चौघांनाही हाच शेअर लागलेला आहे. चार्टवाले मोबाइलवर रेघा मारतात. त्यांना कंपनी काय विकते याच्याशी देणंघेणं नाही, सपोर्ट (पडता भाव जिथे सावरतो) कुठे आणि रेझिस्टन्स (चढता भाव जिथे अडतो) कुठे एवढंच ते बघतात. ताळेबंदकाका वार्षिक अहवाल तळटिपांसकट वाचतात, आणि त्यांचेच शेअर सगळ्यात महाग भावाचे आहेत. तिसरा मी. आणि चौथा नवा मुलगा. याने ४४ला घेतला. एकसारख्या नावाच्या दुसऱ्याच कंपनीचे शेअर घ्यायचे होते, घाईत बोट चुकलं. तो आता फायद्यात आहे. आम्ही त्याला बाकाच्या टोकाला बसवतो.

आमच्या चर्चेचा दर्जा कळावा म्हणून एक उदाहरण देतो. मी परवा दुकानात गेलो तर आठपैकी दोन बिलिंग काउंटर बंद होते. ही माहिती मी बाकावर मांडली मात्र...

"खर्चकपात," ताळेबंदकाका म्हणाले. "मार्जिन सुधारणार."

"गिऱ्हाईकच नसेल," नवा मुलगा म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

"रांगा होत्या का?" चार्टवाल्यांनी विचारलं.

रांगा होत्या. एका रांगेत मी नऊ माणसं मोजली होती. रांग आहे म्हणजे गिऱ्हाईक आहे. पण रांग आहे म्हणजे कंटाळून गिऱ्हाईक उद्या दुसरीकडे जाईल, असंही आहे. पाऊण तास खल झाला. शेवटी दोन बंद काउंटर ही व्यवस्थापनाची दूरदृष्टी असल्याचं तीन विरुद्ध एक मतांनी ठरलं. मागच्या वर्षी शेअर पडत होता तेव्हा काउंटर आठही चालू असायचे, आणि त्याला आम्ही याच बाकावर उधळपट्टी म्हटलं होतं.

मालक झाल्यापासून मला दुकानात साधेपणाने वावरता येत नाही. फळीवर मागे गेलेली शाम्पूची बाटली मी पुढे ओढून ठेवतो. जमिनीवर पडलेला साबण उचलून जागेवर लावतो. एका बाईंनी मला कर्मचारी समजून "डायपर कुठल्या रांगेत?" असं विचारलं, आणि मला ते माहीत होतं. वाटेत कोणी ट्रॉली आडवी सोडून गेलं असेल तर ती नेऊन लावतो. एका चाकाने कुरकुरणारी जी ट्रॉली प्रत्येक दुकानात असते, ती मी मुद्दाम स्वतः घेतो. गिऱ्हाइकाच्या हाती लागायला नको. या ट्रॉलीची कथा ताळेबंदकाकांनी सांगितली होती. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने ती आणली तेव्हा लोक तिला हात लावेनात. मग त्याने पगार देऊन माणसं नेमली. काम काय, तर दुकानात ट्रॉली ढकलत खरेदीचं सोंग करत फिरायचं. हे ऐकल्यावर मला एकदम आपलेपणा वाटला. फरक एवढाच की त्यांना पगार होता.

बिल करताना काउंटरवरची मुलगी विचारते, "पिशवी हवी का?" पिशवीचे पैसे वेगळे पडतात आणि तिच्यात मार्जिन चांगलं असावं असा माझा अंदाज आहे. मी दर वेळी "द्या" म्हणतो. घरात सध्या त्रेचाळीस पिशव्या आहेत. बायकोने त्या एका पिशवीत भरून ठेवल्या आहेत.

या धंद्याचं मार्जिन मोठं नाजूक प्रकरण आहे. शंभराची विक्री झाली की सगळे खर्च आणि कर जाऊन हातात दोन-तीन उरले तरी सुपरमार्केटवाले समाधानी असतात. सारी मजा फिरवाफिरवीत. माल आज विकून रोख घ्यायची, आणि पुरवठादाराचे पैसे महिन्या-दीड महिन्याने द्यायचे. तोवर ते पैसे वापरायला मोकळे. मी असं केलं तर त्याला उधारी थकवणं म्हणतात, कंपनी करते तेव्हा ते खेळतं भांडवल असतं. पण दोन-तीन टक्क्यांच्या दोरीवर चालायचं म्हणजे जरासा वारा आला तरी तोल जातो. समोरच्याने भाव उतरवले की आपल्याला उतरवावे लागतात, आणि विक्री तेवढीच राहून नफा निम्मा होतो. आमच्या शेअरचं नेमकं हेच झालं होतं.

आणि या भावयुद्धातली शत्रूसेना माझ्याच घरात निघाली. एक दिवस बायको खरेदी करून आली आणि मी पाहिलं तर पिशवीवर प्रतिस्पर्ध्याचं नाव.

"हे कुठून आणलंस?"

"तिकडे धुण्याच्या पावडरीवर एकावर एक फुकट होतं."

"अगं, पण आपलं दुकान असताना..."

"अहो, तुमचा शेअर वर जावा म्हणून मी महाग पावडरीने कपडे धुवायचे का?"

मी तिला समजावलं की असा विचार प्रत्येक घराने केला तर जुन्या दुकानांच्या विक्रीतली वाढ, ज्याला लाइक-फॉर-लाइक म्हणतात, ती उणे होईल. नवी दुकानं उघडून एकूण विक्री कितीही फुगवली तरी विश्लेषक तोच आकडा बघतात. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिकडे रांगपण नव्हती." ही माहिती मी बाकावर नेली नाही.

मन खचलं की ताळेबंदकाका मोठ्या माणसांचे तोटे सांगतात. त्यांचा आवडता तोटा अमेरिकेचे नामांकित गुंतवणूकदार वॉरन बफे यांचा. ब्रिटनच्या टेस्को या सुपरमार्केट साखळीत बफे यांच्या कंपनीची मोठी गुंतवणूक होती. २०१४च्या सप्टेंबरात टेस्कोने कबूल केलं की नफ्याचा अंदाज सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगला होता. बफे विकून मोकळे झाले, करोत्तर तोटा ४४.४ कोटी डॉलर. विकायला उशीर केला, ही आपली चूक असंही त्यांनी भागधारकांना लिहून कळवलं. "बघा," काका म्हणतात, "बफे!" दोन मिनिटं आम्हा सगळ्यांना बफेंच्या पंक्तीला बसल्यासारखं वाटतं. मग नवा मुलगा विचारतो, "पण ते तर तोटा घेऊन बाहेर पडले ना?"

त्याला गप्प करायला काकांकडे आणखी जुनी गोष्ट आहे. गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून माल उचलायचा, ही कल्पना ज्याने चालवून दाखवली तो क्लॅरन्स सॉन्डर्स. १९१६ साली मेम्फिसमध्ये त्याने पिगली विगली नावाचं दुकान काढलं आणि बघता बघता साखळी उभी केली. पुढे न्यूयॉर्कच्या बाजारात मंदीवाले त्याचा शेअर पाडू लागले, तेव्हा गडी इरेला पेटला. कर्ज काढकाढून त्याने बाजारातले जवळजवळ सगळे शेअर स्वतःच उचलले. मार्च १९२३मध्ये भाव १२४ डॉलरपर्यंत गेला. मंदीवाल्यांनी जे जवळ नव्हते तेच शेअर विकलेले, आता द्यायला आणणार कुठून? सॉन्डर्स जिंकलाच होता. तेवढ्यात शेअरबाजाराने व्यवहार थांबवले आणि मंदीवाल्यांना शेअर आणून द्यायला मुदत वाढवून दिली. इकडे सॉन्डर्सच्या डोक्यावर कर्ज आणि हातात न खपणाऱ्या शेअरांचा ढीग. कंपनी गेली, दिवाळं निघालं, गुलाबी संगमरवराचा वाडा बांधायला घेतला होता तोही गेला. त्यात पुढे संग्रहालय झालं.

"त्याने अ‍ॅव्हरेज किती वर केलं होतं?" चार्टवाल्यांनी विचारलं. काकांनी त्या दिवशी पुढे बोलणंच टाकलं.

माझी एक भाची अर्थशास्त्र शिकते. तिने सांगितलं की आमच्या रोगाला रीतसर नाव आहे, शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोघांनी १९८५ साली ते दिलं: डिस्पोझिशन इफेक्ट. फायद्यातला शेअर माणूस चटकन विकतो आणि तोट्यातला छातीशी धरून बसतो. "तुम्ही कितीला घेतलात हे शेअरला माहीत नसतं, मामा," ती म्हणाली. हे तिने जरा जास्तच कोरडेपणाने सांगितलं. माझ्या शेअरला ते माहीत आहे, आणि त्याचा पुरावा मी आता देतो.

भाव ६० वरून ६५, ६५ वरून ७० झाला. तिमाही निकाल बरे आले. बाकावर आवाज वाढले. चार्टवाल्यांना आलेखात "कप अँड हँडल" दिसू लागला, म्हणजे भाव चढणार असं सांगणारी कपाच्या आकाराची रेघ. मी ७३.५० ला विक्रीची ऑर्डर लावली. वरचे सतरा पैसे दलालीसाठी. मंगळवारी भाव ७२ झाला. बुधवारी दुपारी ७३.१०. मी जेवण सोडून मोबाइल समोर धरून बसलो. ७३.२५. ७३.३०. ७३.४०. तिथे तो थांबला. दारात येऊन चपला काढता काढता पाहुण्याने विचार बदलावा, तसा. मग ७३.२०, ७२.८०, आणि बाजार बंद होताना ७१.

दहा पैशांसाठी! ऑर्डर ७३.४०ला लावली असती तर? पण मग तो ७३.३०वरून परतला असता, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? दुसऱ्या दिवशी बाकावर उलगडा झाला. चार्टवाल्यांनीही अ‍ॅव्हरेज केलं होतं. त्यांची ऑर्डर ७३.४५ची. ताळेबंदकाकांनी, जे "मी दहा वर्षांसाठी घेतलाय" असं सांगत असत, त्यांनी खाली पाहत ७३.४० कबूल केली. त्यांचे निम्मे शेअर गेलेही होते. म्हणजे देशभरातली आमच्यासारखी हजारो मुद्दलवाली माणसं त्याच गल्लीच्या तोंडाशी गाठोडं घेऊन उभी होती, आणि शेअरने वर यायचं कुठून? चार्टवाले इतके दिवस ज्याला रेझिस्टन्स म्हणत होते, तो आम्हीच होतो.

तीन आठवड्यांनी, मी लक्ष देत नव्हतो अशा एका सोमवारी, ऑर्डर लागली. ७३.५०. मुद्दल निघालं. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तीन वर्षांचं व्याज?" मी दाढी करायला गेलो. दाढी सकाळीच झाली होती.

शुक्रवारी भाव ७९ झाला. मी बाकावर जाहीर केलं की हे सगळं हवेतलं आहे, ६५ला आला की पुन्हा घेईन, त्याच्या वर एक पैसा देणार नाही. पुरावा हवा म्हणून संध्याकाळी दुकानात गेलो. फळीवर आडवी पडलेली शाम्पूची बाटली आडवीच ठेवली. ट्रॉली चांगली बघून घेतली. पिशवी घरून नेली होती.

आठपैकी दोन काउंटर बंद होते. गिऱ्हाईकच नाही, उघड दिसत होतं. माझ्यापुढे रांगेत अकरा जण होते. पण ते काय, महिन्याची पहिली तारीख होती.