मिठाने विष उतरत नाही, थकवा मात्र उतरतो

सांगली-मिरजेतल्या बचत गटांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. दिवाळीच्या भेटीसाठी घरच्या घरी बाथ सॉल्ट, म्हणजे पाण्यात टाकून पाय भिजवायचं सुगंधी मीठ करा, असं तो सांगतो. इथपर्यंत माझी काहीच हरकत नाही. मी स्वतः ते करते आणि आवडीने वाटते. पण पुढचे दावे असे आहेत. या मिठाच्या पाण्यात पाय बुडवले की अंगातलं विष तळव्यांतून बाहेर पडतं, आणि पाणी गढूळ होतं हाच त्याचा पुरावा. द्राक्षाचं पान फवारणी पितं तशी कातडी मॅग्नेशियम पिते, त्यामुळे बीपी आणि शुगर आटोक्यात येते. कृषी सेवा केंद्रातलं मॅग्नेशियम सल्फेट म्हणजेच या मिठाचा मुख्य घटक असलेलं एप्सम सॉल्ट, तेच स्वस्तात आणा. हळद टाका, गुण वाढतो. आणि सगळं नैसर्गिक असल्यामुळे बाळापासून आजीपर्यंत कुणालाही चालतं.

हे सगळं एका दमात वाचलं की खरं वाटतं, कारण त्यात थोडं खरंही मिसळलेलं आहे. म्हणून ते वेगळं करून बघायला हवं.

विषाचं आधी. शरीरात नको असलेलं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात. घामात जवळजवळ सगळं पाणीच असतं, बाकी थोडं मीठ. तळव्यांना विष गाळायची कुठलीही वेगळी सोय नाही. मग पाणी गढूळ का होतं? पायाची धूळ, मेलेली कातडी, साबणाचा अंश. त्यात बोअरचं जड पाणी गरम करून खाण्याचा सोडा टाकला, तर पाण्यातलं कॅल्शियम पांढऱ्या भुकटीच्या रूपात वेगळं होतं आणि पाणी दुधी दिसतं. पाय न बुडवता तेच मिश्रण करून ठेवा. तरीही दुधी होईल. ज्यांना शंका आहे त्यांनी हा प्रयोग आज संध्याकाळीच करावा.

आता द्राक्षाच्या पानाचा दाखला. तासगाव-कवठेमहांकाळच्या माणसाला तो लगेच पटतो, म्हणूनच त्यावर जरा थांबते. पानाच्या शिरांमधला भाग पिवळा पडला की बागायतदार मॅग्नेशियम सल्फेट फवारतो आणि पान सुधारतं, हे खरं आहे. पण हवा आत घ्यायची म्हणून पानाला बारीक छिद्रं असतात, आणि त्याच्या मेणचट थरातूनही थोडं द्रावण आत झिरपतं. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, एकावर एक बसलेल्या पेशींचा असतो आणि त्यांच्या फटी स्निग्ध पदार्थांनी बुजलेल्या असतात. बाहेरचं पाणी आणि क्षार आत येऊ नयेत, आतले बाहेर जाऊ नयेत, यासाठीच तो थर आहे. पाण्यात विरघळलेलं मॅग्नेशियम म्हणजे भोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून बसलेला विद्युतभारित कण. त्याला तो स्निग्ध थर ओलांडणं फार अवघड जातं. बोटं सुरकुततात म्हणजे पाणी आत शिरलं, असंही मेसेजमध्ये म्हटलं आहे. सुरकुत्या पडतात त्या मज्जातंतूंच्या आज्ञेने रक्तवाहिन्या आकसल्यामुळे. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो त्याला पाण्यात तशा सुरकुत्या पडत नाहीत.

या दाव्यासाठी बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या एका प्रयोगाचं नाव घेतलं जातं. त्यात १९ माणसं होती आणि तो अहवाल तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात आलेलाच नाही. उलट २०१७ साली ‘न्यूट्रिएंट्स’ या नियतकालिकातल्या आढाव्याने स्पष्ट म्हटलं, की कातडीतून मॅग्नेशियम मिळतं असं सांगण्याइतका पुरावा नाही. शेंगदाणे, तीळ, बाजरी, पालेभाज्या यांतून ते मिळतं, आणि या चारही गोष्टी आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. बीपीची किंवा शुगरची गोळी या मेसेजवर विसंबून कुणी थांबवली, तर नुकसान त्या माणसाचं होईल, आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्याच्या ते कानावरही येणार नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मृत समुद्राच्या मिठाचा कोरड्या कातडीवर चांगला परिणाम २००५ च्या एका अभ्यासात दिसला होता. पण ते द्रावण पाच टक्क्यांचं होतं, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम. पंधरा लिटरच्या बादलीला पाऊण किलो. शिवाय त्या मिठात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड असतं, एप्सम सॉल्ट नव्हे. चिमूटभर मीठ टाकून तो गुण मिळत नाही.

खताच्या पिशवीचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. रसायनाचं नाव एकच, हे खरं. एप्सम सॉल्ट म्हणजे पाणी धरून असलेलं मॅग्नेशियम सल्फेट. वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी आणि जेमतेम दहा टक्के मॅग्नेशियम. पण ती पिशवी पिकासाठी बनते आणि खत म्हणून तपासली जाते. ती दुकानात कीटकनाशकांच्या शेजारी पडलेली असते, उघडी सुटी विकली जाते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पुड्यावर ‘आयपी’ ही अक्षरं असतात. म्हणजे तो भारतीय औषधकोशाच्या कसोटीचा, जड धातू किती असावेत याला मर्यादा असलेला माल. पाच किलोच्या पिशवीमागे चार पैसे वाचवून कुणाच्या भेगाळलेल्या टाचांना खत लावायचं का? माझं उत्तर नाही असं आहे.

आणि एप्सम सॉल्ट अंघोळीच्या बादलीत टाकू नका, पाय भिजवायच्या टबात टाका. मॅग्नेशियममुळे पाणी जड होतं. मग साबणाला फेस येत नाही, चिकट साय जमते आणि केस राठ होतात. कातडी मऊ होईल म्हणून टाकलेल्या मिठाने नेमकं उलटं होतं.

हळदीबद्दल थोडक्यात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांची कीर्ती तर त्याहून जुनी. तिचा अभिमान मलाही आहे. पण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. ते टबाला, टॉवेलला आणि मोरीच्या फरशीला लागतं, उरलेलं गटारात जातं. उटण्यात हळद शोभते, मिठाच्या बरणीत नाही.

‘कुणालाही चालतं’ या वाक्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. ज्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे, त्यांच्या तळव्यांची जाणीव अनेकदा मंद झालेली असते. पाणी किती गरम आहे हे पायांना कळत नाही. भाजलेलं दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर दिसतं. वर बराच वेळ भिजल्याने कातडी भुसभुशीत होऊन चिरते आणि त्या चिरेतून जंतू शिरतात. म्हणून मधुमेहींनी पाय भिजवत बसू नये, असंच डॉक्टर सांगतात. मिरजेच्या दवाखान्यांत पायाच्या जखमेसाठी खेपा घालणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आजीला प्रेमाने दिलेल्या बरणीतून तिला तो त्रास व्हायला नको. उघडी जखम, पायावर सूज, बीपीच्या गोळीने उठताना येणारी चक्कर, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोट साफ होण्यासाठी हेच मीठ पाण्यातून घ्या, असंही कुणी कुणी मेसेजखाली जोडतात. ते रेचक आहे हे खरं, पण मूत्रपिंड अधू असलेल्या माणसाच्या रक्तात मॅग्नेशियम साठून जिवावर बेतू शकतं.

बाळांच्या बाबतीत कापूर, निलगिरी आणि पुदिन्याची तेलं पूर्ण टाळा. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. मोठ्यांसाठीही सुगंधी तेल थेट मिठावर टाकू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि तेवढाच दाट थेंब कातडीला लागून आग होते. आधी ते चमचाभर खोबरेल तेलात मिसळा. पाव किलो मिठाला एक टेबलस्पून खोबरेल आणि लॅव्हेंडर किंवा गवती चहाच्या तेलाचे आठ-दहा थेंब पुरेत. पाय काढताना फरशी निसरडी झालेली असते, खाली जुनं पोतं किंवा पायपुसणं ठेवा.

मग यात खरं काय आहे? ऊब. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने दहा मिनिटं अंघोळ केली तरी झोप लवकर लागते, असं त्यांना दिसलं. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर जाते, आणि शरीर गार व्हायला लागलं की झोप येते. दिवसभर उभं राहून फराळ तळलेल्या बाईला पंधरा मिनिटं बसायला मिळणं, हेही त्यातलं मोठं औषध. मिठाने पाण्याला एक स्पर्श येतो, सुगंधाने मन निवतं. एवढं सांगून द्या. भेट कमी होत नाही.

मी दोन वाट्या एप्सम आणि एक वाटी जाडं मीठ घेते. टबातल्या पाच लिटर पाण्याला दोन-तीन टेबलस्पून. जाडं मीठ दमट वाटलं तर तव्यावर कोरडं करा, एप्सम मात्र कधीच तव्यावर टाकू नका. ते स्वतःच्याच पाण्यात वितळतं. फेसासाठी सोडा आणि लिंबूसत्त्व एका बरणीत भरायचा सल्ला मेसेजमध्ये आहे, तोही टाळा. एप्सममधला ओलावा आणि हवेतला दमटपणा यांनी ते आतच फसफसायला लागतं, झाकण घट्ट असेल तर वायूचा दाब वाढतो. वाळलेल्या पाकळ्याही नकोत. ओल लागली की बुरशी धरतात आणि मोरी तुंबवतात.

विकायचं ठरवलं तर ती वेगळी गोष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि २०२० च्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला परवाना लागतो. आणि बरणीवर ‘मधुमेहावर, बीपीवर, संधिवातावर गुणकारी’ असं छापणं हा १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा आहे. बचत गटाच्या ताईंनी एवढं तरी जरूर लक्षात ठेवावं.

भेट देणार असाल तर चिठ्ठीवर घटक, केल्याची तारीख आणि ‘मधुमेह असल्यास वापरू नये’ हे लिहा. वर मोठ्या अक्षरांत ‘खाण्यासाठी नाही’ लिहा आणि बरणी स्वयंपाकघराबाहेर ठेवायला सांगा. एप्सम सॉल्ट दिसतं अगदी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं, आणि दिवाळीत डबे उघडणारे हात घरात बरेच असतात.