खुलासा : ‘कुठल्याही लॅपटॉपला आय-सेव्हन बसतो’ हे खरं नाही

सोलापुरातल्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘जुन्या लॅपटॉपमधला आय-थ्री काढून आय-सेव्हन बसवा, नवा घेऊ नका.’ यात पोरांचे पैसे वाया जातात, म्हणून हे लिहितोय. आय-थ्री, आय-सेव्हन हे इंटेल कंपनीचे प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू असलेल्या चिप.

इंटेलच्या पाचव्या पिढीपासून जवळपास सगळ्या लॅपटॉपचे प्रोसेसर मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, सोल्डर केलेलेच (डाग देऊन पक्के जोडलेलेच) येतात. त्याआधीही प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर विषय संपला. ‘एम’ असला तरी हुरळू नका. आय-फाइव्ह ३२१०एम सॉकेटचाही (खाचेत बसवलेला, काढता येणारा) निघाला आणि सोल्डरचाही. प्रोसेसरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून ‘पॅकेज’ची ओळ वाचा. ‘बीजीए’ दिसलं की तो सोल्डरचा.

सॉकेट असलं तरी पिढी जुळायला हवी. पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या सॉकेटात पिना ९८८च, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. बायोसनेही, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमनेही, नवा प्रोसेसर ओळखायला हवा. आणि उष्णता! ३५ वॅटच्या प्रोसेसरच्या जागी ४५ वॅटचा बसवला, तर चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तो छोटा पंखा पुरणार कसा?

लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क असेल तर आधी तिच्या जागी एसएसडी (तिच्याहून वेगवान स्टोरेज) टाका. फरक लगेच जाणवेल. प्रोसेसरचे पैसे मात्र हे सगळं तपासल्याशिवाय कुणाला देऊ नका.