मामा, ती काडी खाली ठेव!

‘जुना व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेट चालवायचं यंत्र) पाच मिनिटांत घरच्या घरी दुरुस्त करा’ हा मेसेज चार ग्रुपांवरून माझ्याकडे आला आणि चारही वेळा मी तो सोडून दिला. काल मामाचा फोन आला. व्हीसीआरचं झाकण उघडलेलं, एका हातात कान साफ करायची कापसाची काडी, दुसऱ्या हातात मामीचं नेलपॉलिश रिमूव्हर. शेजारी आजीचा आवाज असलेली एकुलती एक कॅसेट. आता मात्र गप्प बसवत नाही.

‘चित्रात मुंग्या आल्या तर हेड रिमूव्हरने वर-खाली घासा.’ हे लिहिणाऱ्याने हेड कधी पाहिलंच नसावं. यंत्राच्या आतला तो चकचकीत गोल ड्रम म्हणजे हेड नव्हे. ड्रमच्या कडेला खाचेत फेराइट या चुंबकीय पदार्थाचे बारीक तुकडे बसवलेले असतात, फितीवरचं चित्र वाचणारे; ते हेड. पृष्ठभागाच्या बाहेर ते केसाच्या जाडीहूनही कमी डोकावतात आणि काचेसारखे ठिसूळ असतात. पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या टीव्हीच्या) यंत्रात ड्रम सेकंदाला 25 वेळा फिरतो, पण हेडला तो वेग सोसतो तो आडव्या दिशेने. काडी वर-खाली फिरली की तुकडा उडालाच, आणि मग ड्रमच बदलावा लागतो. शिवाय कापसाचे धागे त्या खाचेत अडकतात, रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक खातं. हेड पुसायचंच असेल तर प्लग काढून, शॅमॉय या मऊ चामड्याची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसती टेकवायची, पट्टी स्थिर धरायची आणि ड्रम वरच्या कडेने हाताने हळू फिरवायचा. बस.

‘अडकणारी कॅसेट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा.’ का बाबा, आइस्क्रीम आहे का ते? अमेरिकेतल्या नॅशनल मीडिया लॅबोरेटरीच्या जॉन व्हॅन बोगार्ट यांनी 1995 मध्ये ग्रंथालयांसाठी चुंबकीय फिती सांभाळण्याची मार्गदर्शिका लिहिली. फिती 8 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवू नका, असं ती सांगते, कारण थंडीत फितीच्या लेपातलं वंगण वेगळं होऊ शकतं. त्यात गारठलेली कॅसेट बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं आणि ओली फीत ड्रमला चिकटते. म्हणून तर बऱ्याच यंत्रांत ओल ओळखणारा सेन्सर असायचा.

‘आत शिलाई मशीनचं तेल सोडा’ असंही त्या मेसेजमध्ये आहे. तेल? फीत ओढणारा रोलर आणि आतले पट्टे रबराचे असतात. तेल लागलं की घसरतात, आणि यंत्र फीत गिळतं.

बुरशी आलेली कॅसेट ‘दोन-तीनदा पळवून झटकायची’ म्हणे. म्हणजे बुरशी यंत्रात, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला.

एक गोष्ट मान्य करावी लागते. वर्षानुवर्षं पडून राहिलेली, पण स्वच्छ असलेली कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, असं मेसेजमध्ये आहे, ते बरोबर आहे. घट्ट चिकटून बसलेले वेढे सुटतात, ताण सारखा होतो.

पण मुंग्या दिसल्या की आधी दुसरी कॅसेट लावून बघायची, एवढं साधं त्यात कुठेच नाही. मामाला तेच करायला लावलं. दुसरी कॅसेट लख्ख दिसली, म्हणजे हेड ठणठणीत. मग आजीची लावली आणि ट्रॅकिंगचं बटण, म्हणजे हेड फितीवरच्या चित्राच्या रेघेवर नेमकं आणणारं बटण, हळूहळू फिरवत गेलो. मुंग्या खाली सरकत सरकत पडद्याच्या तळाशी पातळ पट्टा होऊन राहिल्या. रिमूव्हर मामीकडे परत गेलं.