उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि उत्क्रांतीचा तास : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

ख्रिस्ती विद्यार्थ्याने महाविद्यालयात उत्क्रांती केवळ परीक्षेपुरती पाठ न करता मनापासून समजून घ्यावी, असे मी मागच्या लेखात म्हटले होते. हा सल्ला तरुणांना विश्वासापासून दूर नेईल, असा आपला आक्षेप आहे. बायबलमधील पहिले पुस्तक उत्पत्ती, त्याचा सहा दिवसांच्या निर्मितीचा पहिला अध्याय अक्षरशः घेणे सोडले की आदाम जातो, आदामाबरोबर पतन, म्हणजे माणूस पापात पडल्याची शिकवण, जाते आणि मग वधस्तंभाला अर्थ उरत नाही, असे आपण लिहिले आहे. आपली मुलगी यंदा जीवशास्त्राला प्रवेश घेऊ पाहत आहे आणि ‘पेपरात पुस्तकातले लिही, मनात पवित्र शास्त्रातले (बायबलमधले) ठेव’ असे आपण तिला सांगितले आहे, हेही आपण कळवले आहे. प्रश्न एका मुलीच्या शिक्षणाचा आणि विश्वासाचा असल्यामुळे मी सविस्तर लिहीत आहे.

माझा सर्वांत मोठा विरोध आहे तो त्या सल्ल्यालाच. जे आपण खोटे मानतो ते स्वतःच्या नावाने खरे म्हणून लिहायचे, अशी सवय तीन-चार वर्षे लावून घेतलेल्या विद्यार्थिनीची सचोटी शाबूत राहील, असे मला वाटत नाही. शिवाय उत्क्रांती हा वगळता येण्याजोगा एखादा धडा नाही. प्राण्यांचे वर्गीकरण, शरीररचनेची तुलना, जनुकशास्त्र, प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू, या सगळ्यांच्या मुळाशी तीच आहे. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रातील कशालाही अर्थ लागत नाही, असे 1973 मध्ये लिहिणारे जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की स्वतः ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते आणि निर्मात्यावरील आपली श्रद्धा त्यांनी त्याच निबंधात मांडली आहे.

तिला वर्गात नेमके काय दाखवले जाईल, याचे एकच उदाहरण देते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात 24. पूर्वज एकच असेल, तर एक जोडी गेली कुठे? गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टीटीएजीजीजी हा डीएनएच्या सहा अक्षरांचा क्रम पुन्हा पुन्हा आलेला असतो आणि त्याची नेहमीची जागा टोकालाच असते. 1991 मध्ये संशोधकांना माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात हा क्रम अधेमध्येच सापडला, तोही दोन टोके एकमेकांना भिडल्यावर दिसावा तसा, समोरासमोर उलटलेला. याच गुणसूत्रात, कार्यरत सेंट्रोमिअरखेरीज (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे पकडले जाते तो भाग), निकामी झालेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरचे अवशेषही आहेत. इतर वानरांमध्ये वेगळी असलेली दोन गुणसूत्रे आपल्या वंशात जोडली गेली, हा निष्कर्ष टाळायचा तर हे सारे चिन्हांकन तिथे का आहे, याचे दुसरे पटणारे उत्तर द्यावे लागते. चर्चमध्ये ‘उत्क्रांतीला काही पुरावाच नाही’ असे ऐकून आलेली मुलगी जेव्हा हे पाहते, तेव्हा तिचा भरवसा प्रथम उडतो तो तिला तसे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांवरून. पुनरुत्थानाची साक्षही त्याच माणसांनी दिलेली असते. माझ्या मते खरा धोका इथे आहे.

हा धोका पाचव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्मशास्त्री ऑगस्टीनने ओळखला होता. आकाश, तारे, प्राणी आणि वनस्पती यांविषयी अविश्वासणाऱ्यांनाही अनुभवाने पक्के कळत असते. त्या बाबतीत ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने भलतेच बोलू लागला, तर पुनरुत्थानाविषयीचे त्याचे म्हणणे ते कसे मानतील, असे त्याने उत्पत्तीवरील भाष्यात विचारले आहे. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर पहिले तीन दिवस कसले, हा प्रश्नही त्याला पडला होता, आणि तोही डार्विनच्या चौदा शतके आधी. त्यामुळे अक्षरशः वाचन सोडणे ही आधुनिकांनी पत्करलेली शरणागती आहे, हे आपले विधान मला मान्य नाही.

आता आदामाविषयी. आपला हा मुद्दा खरोखर अवघड आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. एका मनुष्याद्वारे पाप जगात आले आणि पापाद्वारे मरण, असे प्रेषित पौल बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायात म्हणतो. जीवाश्म मात्र सांगतात की माणूस येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून प्राणी मरत आले आहेत. परंतु ज्या दिवशी फळ खाशील त्या दिवशी मरशील, असे सांगितलेला आदाम 930 वर्षे जगला, असे उत्पत्तीच लिहिते. तेव्हा हे मरण प्रथम देवापासून तुटण्याचे आहे, असे वाचण्यास पवित्र शास्त्रातच आधार आहे. स्तोत्र 104 मध्ये तर तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करून देवाजवळ आपले अन्न मागतात, आणि स्तोत्रकर्ता त्याबद्दल देवाची स्तुतीच करतो. आदाम एक व्यक्ती होता, अनेकांचा प्रतिनिधी होता की अखिल मानवजातीचे चित्र, यावर श्रद्धावान अभ्यासकांतही एकमत नाही. माझ्यापुरते, माणसाचे पाप मला इतिहासात आणि स्वतःच्या मनात रोज दिसते. त्यासाठी मला गुणसूत्रांच्या साक्षीची गरज पडलेली नाही, आणि वधस्तंभाची गरजही त्यामुळे तसूभर कमी झालेली नाही.

मुलीला जीवशास्त्र जरूर घेऊ द्या. वर्गात एखादे प्राध्यापक ‘उत्क्रांतीने देव नाही हे सिद्ध झाले’ असे म्हणाले, तर ते विधान प्रयोगशाळेतून आलेले नाही, हे ओळखण्याइतका विषय तिला पक्का येऊ द्या. अडलेला प्रश्न घेऊन ती घरी आली, तर उत्तर नसले तरी प्रश्न ऐकून घ्या, आणि शक्य असेल तर तिच्याबरोबर बसून उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय, त्यांतील निर्मितीच्या वेगवेगळ्या क्रमासह, सावकाश वाचा.

आपली,
लेखिका